चुन्याची फेरी

सोमवार, ७ सप्टेंबर

बेकरी बंद पडून सगळा उन्हाळा गेला, आणि आज सकाळी मी पावाच्या गाडीऐवजी चुन्याच्या गाडीत बसले. आईने दारातूनच ऐकवलं, "आधी अंगभर पीठ, आता अंगभर चुना. पांढरं काही सुटत नाही बाई तुला!" तिला उत्तर दिलं असतं तर ओहोटीची वेळ गेली असती.

काम काय, तर किनाऱ्यावरच्या पांढऱ्या खुणा रंगवायच्या. खडकांवर, देवळाच्या कठड्यावर, काही घरांच्या समुद्राकडच्या भिंतींवर. जन्मापासून बघत आलेय, पण दर वर्षी त्या पांढऱ्या कोण करतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझा धाकटा भाऊ तुदी खेकड्यांची होडी चालवतो, त्याला विचारलं तर म्हणाला, "पांढरी खूण दीपगृहाच्या बरोबर खाली आणायची आणि होडीचं नाक सरळ ठेवायचं. एवढंच ठाऊक असलं की माणूस जेवायला घरी येतो."

तीन आठवडे मी गुल्वेनदादांच्या हाताखाली; चाळीस वर्षं ही चुन्याची फेरी त्यांचीच. ते या वर्षअखेरीला निवृत्त होणार. त्यांनी ब्रेस्ट शहरातल्या दीपगृहांच्या कचेरीत 'ही चालेल' असं सांगितलं, तर फेरी माझी. नाही म्हणाले, तर मी आणि आई दिवसभर एकमेकींची तोंडं बघत घरात. देवा, तेवढं नको.

माणूस दांडगा आहे. दारात खांदे मावत नाहीत. गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे फेकून म्हणाले, "चालवा, पाववाल्या बाई. मी समुद्र बघतो." बावीस खेड्यांना पाव पोचवलेत मी, तरी यांच्या शेजारी बसून गिअर दोनदा चुकला.

पहिली भिंत देवळाची. दादांनी रंगाचा डबासुद्धा उघडला नाही. आधी तळहात भिंतीवर ठेवून हळूहळू सरकवत गेले, मग कान लावला, मग एका जागी थांबून म्हणाले, "इथे आत ओल आहे. इथला चुना नाताळपर्यंत टिकणार नाही. खरवड." मला तिथे काडीचाही फरक दिसत नव्हता. खरवडलं, तर आतून पाणीच निघालं. मी आ वासून बघत राहिले.

मंगळवार, ८ सप्टेंबर

आज फीन आजीचं घर. आजी नव्वदीची, घर त्याहून जुनं. समुद्राकडची भिंत पांढरीच ठेवायची, असं घराच्या कागदातच आहे म्हणे. मागे तिच्या जावयाने हौसेने निळा रंग दिला होता, तर सगळं बंदर काठ्या घेऊन दारात आलं. आजी ते अजून हसून हसून सांगते.

रंगवणाऱ्यांना जेवू घालायचं, ही त्या घराची रीत. कुट्टूच्या पिठाचे धिरड्यासारखे पातळ क्रेप, खारं लोणी, वाडगाभर ताक. आजीने माझा वाडगा टेबलावर आपटला. दादांचा मात्र दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं नीट बसेपर्यंत सोडलाही नाही. वर "गरम तवा डावीकडे आहे रे, बाळा" हेही. चौसष्ट वर्षांचं बाळ! मी म्हटलं, "आजी, आम्हालाही कुणी लाडाने वाढा की." तर म्हणाली, "तुला काय झालंय? धडधाकट आहेस."

शिडीवर मीच होते. दादा खाली शिडी धरून. "कडा सरळ येऊ दे. तीन मैलांवरून वाकडी दिसते." मी वरून विचारलं, "आली का सरळ?" म्हणाले, "तुला काय वाटतं?" अशी त्यांची शिकवायची पद्धत. स्वतः कधी सांगणार नाहीत, आपल्यालाच बघायला लावतात. असा मास्तर मला शाळेत मिळायला हवा होता.

बुधवार, ९ सप्टेंबर

उधाणाची ओहोटी. पाणी इतकं मागे गेलं की समुद्राने गाशा गुंडाळला की काय असं वाटावं. अशा दिवशीच आमच्या बंदरासमोरच्या 'गाय' आणि 'वासरू' या दोन खडकांपर्यंत चालत जाता येतं. खूण गायीवर असते. गेल्या हिवाळ्यातल्या वादळाने जुना चुना पार धुऊन नेलाय, दोन्ही खडक सारखेच काळे.

दादा पुळणीवरच थांबले. गुडघा दुखतो म्हणाले. मी खांद्यावर बादली, पाठीवर कुंचा, शेवाळावरून घसरत निघाले. होडीतून मी या खडकांना कधी जवळून बघितलेलं नाही, किनाऱ्यावरून बघितलं तर दरवर्षी वेगळे वाटतात. अर्ध्या वाटेत वळले, एकाकडे बोट दाखवलं आणि ओरडले, "हाच ना?"

दादांनी हात वर केला, मान हलवली. "हाच! लवकर कर, पाणी वळेल!"

मग काय, हाणला चुना. दोन हात, कडा सरळ. परत आले तेव्हा भरती घोट्याशी आली होती. वाळूत उभी राहून मागे बघितलं. असा पांढराशुभ्र चौकोन, की ऊर भरून आला. मेले तरी तो तिथे असेल. मी दादांना म्हटलं, "कसा दिसतोय?" ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाय धू. मीठ चिकटेल."

शाबासकी द्यायला या माणसाच्या घशात काटा अडकतो.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

दिवसभर गाडी. किनाऱ्याचा रस्ता डोंगरमाथ्यावरून जातो, खाली लाटा फुटतात, आणि दर वळणाला एक तरी दीपगृह उभं: कुठे जमिनीवर, कुठे भर समुद्रात एका खडकावर एकटं. आता त्यांत माणसं राहत नाहीत, दिवे आपोआप लागतात. दादांचे वडील त्या भर समुद्रातल्यावर रखवालदार होते. वादळात आठवडेच्या आठवडे होडी लागायची नाही, तेव्हा त्यांची आई संध्याकाळी टेकाडावर जाऊन दिवा लागलेला बघायची आणि मगच मुलांना वाढायची. नवरा जिवंत आहे, याची तेवढीच खबर.

"आज समुद्र कसा आहे?" दादांनी विचारलं. समोर तर होता! पण माझी परीक्षा घेतात हे आता कळलंय मला, म्हणून मीही सगळं सांगितलं. बाहेरच्या रांगेवर लाटा फुटतायत, आतलं पाणी हिरवं, दोन होड्या, ढग पश्चिमेला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी जरा जास्तच रंगात आले, तेव्हा म्हणाले, "गप्प बस आता. डोकं भरलं."

कशी बुद्धी आहे माणसाची! मला बोलतं करायचं आणि मग गप्प करायचं.

रविवार, १३ सप्टेंबर

सगळं जसं घडलं तसं लिहिते.

तुदीची होडी आज सकाळी बंदराच्या तोंडाशी खडकावर चढली. सुकाणू तुटलं, तळाला चीर गेली. पाणी चढतं होतं म्हणून लाटेनेच उचलून आत ढकललं. पाणी उतरतं असतं तर आज या घरात वेगळंच चित्र असतं.

तो ओलाचिंब दारात उभा राहिला आणि आईसमोरच ओरडला, "कुठल्या गाढवाने रंगवलंय? धुकं होतं, धुक्यात मला फक्त पांढरं दिसतं! पांढरं दिव्याखाली आणलं आणि सरळ आलो, बाबा यायचे तसा. खूण वासरावर आहे! वासरावर!"

मी म्हटलं, "मी रंगवलं."

आई खुर्चीत बसली. तुदी माझ्याकडे बघत राहिला, मग ओले बूट काढायला लागला. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सख्ख्या भावाला मी माझ्या हाताने खडकावर नेलं.

सोमवार, १४ सप्टेंबर

दादांना सांगितलं. रडले. म्हटलं, "मी विचारलं होतं तुम्हाला, पण बोट नीट दाखवलं नसणार मी. बादली होती खांद्यावर, हात वाकडा गेला असेल."

ते गाडीच्या टपाला धरून उभे होते. विचारलं, "बोट दाखवलंस?"

"हो. 'हाच ना' म्हणून."

"बोट दाखवलंस," ते पुन्हा म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले. दिवसभर एक शब्द नाही. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी बघितलेलं नाही. त्यांचं चाळीस वर्षांचं नाव, आणि मी एका दुपारी त्याला काळं फासलं.

आणि आता काही करताही येत नाही. भांगाचे दिवस सुरू झाले, पाणी पुरेसं उतरत नाही, खडकापर्यंत चालत वाट नाही. होडी तिथे लागत नाही, लाटा फुटतात. पुढच्या उधाणापर्यंत ते खोटं पांढरं तिथेच, सगळ्या समुद्राला दिसत. बंदरात सगळ्यांना सांगितलंय. पण बाहेरगावची होडी आली तर?

गुरुवार, १७ सप्टेंबर

बंदरवाल्यांनी दिवसभराची पाळी लावली, पण मी कुणाला उभं राहू दिलं नाही. टेकाडावर मी, हातात आईची लाल चादर. होडी बंदराकडे वळली की चादर हलवायची, ती थांबते, मग आतून एक होडी जाऊन तिला घेऊन येते. तुदीचे मित्र खालून ओरडतात, "मारिवोन, बैल येतोय!" हसतात तरी. तेवढंच बरं वाटतं.

परवापासून दादा रोज येऊन शेजारी बसतात. सफरचंदाच्या सायडरची बाटली, पाव, सॉसेज. बोलत नाहीत. पण आज बसल्या बसल्या म्हणाले, "उठ, येतेय एक. बाहेरगावची आहे, मोठं इंजिन, उत्तरेकडून." मला समुद्र रिकामा दिसत होता. मी चादर घेऊन उभी राहिले आणि बऱ्याच वेळाने टोकाच्या मागून ती होडी आली. निळी, ओळखीची नाही. चादर हलवून हलवून खांदे गेले, शेवटी थांबली.

मी म्हटलं, "दादा, तुमचे कान आहेत की काय आहेत?"

"पाववाल्या बाईंची बडबड ऐकून तयार झालेत," ते म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदा टोमणा मारला. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. रागावलेले असूनही रोज येतात. त्यांच्या जागी मी असते तर आले असते का? शंका आहे.

मंगळवार, २२ सप्टेंबर

आज उधाण. सगळं अंग सडकून निघालंय, पण झोपायच्या आधी लिहायलाच हवं.

मी डांबर, खरवडणी, चुना सगळं घेतलं. दादा म्हणाले, "मी येतो." मी म्हटलं, "गुडघा?" म्हणाले, "गुडघा गेला खड्ड्यात."

शेवाळावरून त्यांना नेणं म्हणजे कपाट नेण्यासारखं. माझा दंड घट्ट धरला होता. मी "इथे खळगा", "इथे उंच" म्हणत गेले, आणि ते मी म्हणेन तिथेच पाऊल टाकत होते, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. एवढा अनुभवी माणूस, पण माझ्यासारखीवर इतका भरवसा टाकला.

मी वासराला डांबर फासत होते, तोवर ते गायीपाशी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी खडक चाचपायला लागले. चेहरा वर, समुद्राकडे. बोटं फटींत घालत, थांबत, पुन्हा सरकत. एका फटीतून नखाने काहीतरी काढलं आणि जिभेवर ठेवलं. "मारिवोन!" त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. "इथे. हा माझ्या हातचा चुना आहे. ही खालची कड. इथून वर दोन हात."

माझ्यासमोर नुसता काळा खडक होता. त्यांच्या बोटांखाली चाळीस वर्षं.

मी रंगवायला घेतलं. पाणी वळलं तेव्हा चौकोन अर्धाच झाला होता. मी म्हटलं, "दादा, तुम्ही निघा." म्हणाले, "तू असल्याशिवाय मी कुठे जाणार?" आणि कमरेएवढ्या लाटेत माझा पट्टा मागून धरून उभे राहिले, मी रंगवत होते तोवर. लाट आली की ते ओरडायचे, "आता!" आणि मी खडकाला चिकटायचे. एकदाही चुकले नाहीत. बाहेर तुदी मित्राच्या होडीत, दिव्याच्या रेषेत उभा. चौकोन पुरा झाला तेव्हा त्याने भोंगा वाजवला, मग पुन्हा, मग वाजवतच राहिला वेडा.

परतताना पाणी छातीला लागलं. कोण कुणाला धरून आणत होतं ते सांगता यायचं नाही.

बुधवार, २३ सप्टेंबर

कचेरीतले इंजिनिअर साहेब आले. माणूस सभ्य. चौकशी करायलाच हवी होती, एक होडी फुटली होती. मी रात्रभर वाक्यं पाठ केली होती. तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाले, "तिने विचारलं होतं. मी हो म्हटलं. चूक माझी."

मी म्हटलं, "साहेब, हे मला वाचवायला बोलतायत. मीच बोट..."

"गप्प बस," दादा एवढ्या जोरात ओरडले की साहेबसुद्धा दचकले. मग शांतपणे म्हणाले, "मी वर्षअखेरीपर्यंत थांबत नाही. आजपासून बंद. फेरी हिला द्या. हिच्या कडा सरळ येतात."

साहेबांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा मानी माणूस माझ्यासाठी जन्मात एकदा खोटं बोलला, आणि तेही स्वतःच्या नावावर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अशी माणसं आता घडत नाहीत." आईच्या तोंडून कुणाचं कौतुक मी आज पहिल्यांदा ऐकलं.

पण मी ही फेरी घेणार नाही. दुसऱ्याच्या खोट्यावर उभी राहून भिंती पांढऱ्या करायच्या? नाही जमणार.

शनिवार, २६ सप्टेंबर

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, नाही म्हणून सांगायला. ते कोट घालून तयारच होते. म्हणाले, "आधी मला टेकाडावर ने. दिवा लागलेला बघू, मग बोलू." त्यांच्या आईची ती जागा.

गाडी समुद्राकडे तोंड करून लावली. वारा होता, काचा वर केल्या. मी मनात सुरुवात जुळवत होते: दादा, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही, पण.

"आज उशीर करतायत लावायला," ते म्हणाले.

मी समोर बघितलं. दिवा केव्हाचा लागला होता. आम्ही आलो तेव्हाच लागलेला होता. भर समुद्रात, अगदी समोर, गाडीच्या काचेच्या मधोमध: एकदा, दोनदा, मग काळोख, पुन्हा एकदा, दोनदा. दादा सरळ त्याच्याकडेच बघत होते. डोळे उघडे, चेहरा शांत, वाट बघणाऱ्या माणसाचा.

मी अर्ध्या वाटेत उभी राहून त्यांना बोट दाखवलं होतं. बोट!

साहेबांसमोर हा माणूस एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. माझं काही राखलं नव्हतं त्यांनी. जे खरं होतं ते सांगितलं आणि जे सांगवत नव्हतं ते गिळलं. आणि मी इतके दिवस यांच्या शेजारी बसून समुद्राचं वर्णन करत होते आणि स्वतःला हुशार विद्यार्थिनी समजत होते. गाढव मी, शंभरदा गाढव.

"मारिवोन?"

"हो, उशीर झालाय खरा," मी म्हटलं. आवाज कसाबसा सरळ ठेवला. थोडं थांबले. दिवा फिरत राहिला. मग म्हटलं, "हां. लागला आत्ता."

त्यांनी श्वास सोडला. "कसा आहे?"

"स्वच्छ. दोन झपके, मग काळोख. खाली लाटा चढतायत बुंध्यावर, निम्म्यापर्यंत. वर आभाळात अजून जरासा पिवळा पट्टा आहे. एक होडी घराकडे वळलीय."

"कुणाची?"

"दिसत नाही एवढ्या लांबून. तुम्ही सांगा."

काच खाली करून त्यांनी कान दिला. "तुदीची. नवीन सुकाणू जड चाललंय त्याचं." मग म्हणाले, "तुला काय बोलायचं होतं?"

मी म्हटलं, "फेरी मी घेतेय. पण भिंतीतली ओल मला कळत नाही. सोमवारपासून तुम्ही शेजारी बसायचं."

"मी निवृत्त झालोय, बाई."

"मग निवृत्त होऊन बसा. फीन आजीकडे क्रेप मिळतील."

त्यांनी काच वर केली. मग म्हणाले, "सोमवारी ओहोटी पहाटेची आहे. उशीर करू नकोस."

गाडी वळवली. घरापर्यंतच्या रस्त्यावर मी दिसेल ते बोलत होते: फीन आजीच्या खिडकीत दिवा आहे, तिची भिंत अजून चमकतेय, गायीवरचा चौकोन इथून पांढरा दिसतोय, वासरू काळं. दादा हात मांडीवर ठेवून ऐकत होते, आणि त्यांच्या दारापर्यंत एकदाही मला गप्प बस म्हणाले नाहीत.